दुसऱ्या डिस्कवरचं ऊन

१

उन्हाळ्याच्या सुट्टीत दुपारी दोन ते चार आमचं दुकान मी सांभाळते. केजच्या बाजारात, मुख्य रस्त्यापासून जरा आत, टीव्ही, पंखे आणि मिक्सर दुरुस्तीचं दुकान. त्या वेळात पप्पा घरी जेवून तासभर पडतात. गिऱ्हाईक सहसा येत नाही आणि ते मला बरं वाटतं. अनोळखी माणसाशी बोलायचं म्हटलं की माझ्या घशात काहीतरी अडकतं. "पप्पा चारला येतील" एवढं एकच वाक्य मी पाठ करून ठेवलं आहे.

दुकानाचं तोंड उत्तरेला आहे, त्यामुळे आत ऊन कधीच येत नाही. मागे एक खोली आहे. तिला खिडकी नाही. मोडके टीव्ही आणि पंख्यांची पाती तिथे पडलेली असतात.

एप्रिलच्या तिसऱ्या सोमवारी कुरिअरवाला खोकं देऊन गेला. मी सही केली. खोक्यावर छापलं होतं: 'चौथा उंबरा. थरारक भयपटाची पंचवीस वर्षं. खास रौप्यमहोत्सवी आवृत्ती. दोन डिस्क, पुस्तिका आणि आजवर कोणीही न पाहिलेली दृश्ये.'

या शेवटच्या ओळीसाठी मी तीन आठवडे पप्पांच्या मागे लागले होते. मी, जी वहीसुद्धा मागून घेत नाही.

कारण त्या चित्रपटात माझी आई आहे.

आई तीन वर्षांपूर्वी कोरोनात गेली. तिचा एकही व्हिडिओ आमच्याकडे नाही, कारण घरातले सगळे व्हिडिओ तीच काढायची. माझ्या वाढदिवसाचे, शाळेतल्या नाचाचे. त्यांत तिचा आवाजसुद्धा नाही. "मधी माझा आवाज नको यायला," असं म्हणून ती श्वास रोखून धरायची. मी ते व्हिडिओ कान लावून ऐकले आहेत. खरंच काही नाही.

मला तिला एकदा हलताना बघायचं होतं. जमलं तर बोलताना ऐकायचं होतं. एवढंच.

२

आई तेव्हा पंधरा वर्षांची होती. युसूफ वडगावात तिचं माहेर. गावाबाहेर बंद पडलेलं कापसाचं जिनिंग होतं, त्याच्या ऑफिसात चित्रपटवाले आठ दिवस उतरले होते. शेवटच्या दृश्यात नायक दार उघडतो आणि आत एक बाई मेलेली असते, खुर्चीत बसलेली. ती बाई म्हणजे माझी आई. "पिच्चरमधी मी मेलेली होते," ती हसत सांगायची. "पण लई भारी मेले होते."

इथे थोडं सांगायला हवं. आम्ही लिंगायत. आमच्यात माणूस गेलं की त्याला आडवं ठेवत नाहीत. अंघोळ घालून, कपाळाला विभूती लावून, फुलं घालून बसवतात. बसलेलंच नेतात आणि बसलेलंच मातीत ठेवतात. मी लहानपणापासून पाहिलं आहे आणि मला त्याची कधी भीती वाटली नाही. घरातलं मोठं माणूस पाहुण्यांसमोर बसावं तसंच ते दिसतं. चित्रपटवाल्यांनी हे गावात कुठेतरी ऐकलं आणि त्यांना ते भयंकर वाटलं. ज्याला आम्ही मान म्हणतो, त्याला पाहून लोकांनी थेटरात किंचाळावं असं त्यांना वाटलं.

आणि आई खरंच गेली तेव्हा तिला बसवता आलं नाही. नियम होते. बीडच्या दवाखान्यातून प्लास्टिकमध्ये गुंडाळून आडवीच आणली. आम्ही लांब उभे होतो.

मूळ चित्रपटात आई दीड सेकंद दिसते, अंधारात, चेहरा हारांच्या सावलीत. म्हणून माझा सगळा भरवसा दुसऱ्या डिस्कवर होता.

दुसऱ्या डिस्कवर काय होतं ते सांगते. एक जाहिरात, जी मोबाईलवर फुकट दिसते. अकरा छायाचित्रं, त्यांतली तीन सारखीच. 'न पाहिलेली दृश्ये' म्हणजे नायक जिना चढतो, थांबतो आणि पुन्हा तोच जिना चढतो. बस. आणि निर्मात्याच्या मुलाची मुलाखत. तो सोफ्यावर बसून त्याच्या नव्या हॉटेलबद्दल बोलला. मग त्याला चित्रपट आठवला. "शूटिंग सोलापूरजवळच्या एका खेड्यात झालं," तो म्हणाला. "आणि एक गंमत सांगतो. शेवटी खुर्चीत बसलेली ती बाई आहे ना, तो पुतळा होता. मुंबईहून नेलेला. लोक अजून घाबरतात!" आणि तो हसला.

मी मुलाखत थांबवली. तोंड उघडं, डोळे अर्धे मिटलेले असा तो पडद्यावर अडकला. मी त्याला तसाच पाच मिनिटं अडकवून ठेवला. तेवढंच माझ्या हातात होतं.

३

डिस्क काढण्याआधी मी मेनूवर परत गेले. काळ्यावर लाल अक्षरांत चार ओळी: जाहिरात, छायाचित्रे, न पाहिलेली दृश्ये, मुलाखत. मागे घुंगरांचं संगीत, जे दर वीस सेकंदांनी पुन्हा सुरू होतं.

तेव्हा मला दिसलं की मागचं सगळं काळं नाही. अक्षरांच्या मागे एक खोली आहे.

मी टीव्हीचा उजेड वाढवला. शेणामातीची नाही, फरशीची जमीन. डावीकडे खिडकी असावी, कारण जमिनीवर उन्हाचा चौकोन पडला होता आणि त्यात पाच गजांच्या सावल्या होत्या. त्यापलीकडे खुर्ची, आणि खुर्चीत कोणीतरी. चेहरा अंधारात. उन्हात फक्त पावलं होती. उजव्या पायाच्या अंगठ्याशेजारचं बोट अंगठ्यापेक्षा लांब होतं.

माझंही तसंच आहे. आईचं होतं.

मी तिथेच बसून राहिले. चित्र हलत नव्हतं, पण फोटोही नव्हता. उन्हात धुळीचे कण तरंगत होते. संगीत वीस सेकंदांनी परत येत होतं, कण मात्र परत येत नव्हते. मी एका कणावर नजर ठेवली. तो वर गेला, सावलीत शिरला आणि पुन्हा कधीच आला नाही.

टीव्ही दुरुस्त करणाऱ्याची मुलगी आहे मी. मेनूच्या मागे लावलेली चित्रफीत संगीताएवढीच असते, फिरून फिरून तीच येते, हे मला माहीत आहे. म्हणून मी इन्सुलेशन टेपचा बारीक तुकडा कापला आणि उन्हाच्या कडेला, टीव्हीच्या काचेवर चिकटवला.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी डिस्क लावली. ऊन टेपच्या पुढे, एक बोट सरकलं होतं. आता ते घोट्यांवर होतं.

बुधवारी मी मुद्दाम डिस्कला हात लावला नाही. टीव्ही बंद, डिस्क खोक्यात. गुरुवारी लावली तेव्हा ऊन दोन बोटं पुढे होतं. मी बघत असले किंवा नसले, तिथे दुपार चाललीच होती.

४

खोक्यावर एक फोन नंबर होता. मी कागदावर पाच वाक्यं लिहिली, तीनदा वाचली आणि फोन लावला.

"बोला मॅडम," एक तरुण माणूस म्हणाला.

मी पहिलं वाक्य वाचलं: तुम्ही न पाहिलेली दृश्ये म्हणून जे दिलं आहे ते फसवं आहे.

"मॅडम, ते दृश्य कोणी पाहिलं नव्हतं ना? मग झालं तर. टेक्निकली बरोबर आहे."

दुसरं वाक्य: खुर्चीतली बाई पुतळा नव्हती, ती माझी आई होती.

"हो का? अरे वा." तो काहीतरी खात होता. "पण आमच्याकडे आलेल्या माहितीत पुतळाच आहे. पुढच्या आवृत्तीत बघू. म्हणजे पन्नास वर्षांना." तो स्वतःच्याच विनोदावर हसला.

बाकीची तीन वाक्यं तशीच राहिली. मी कसंबसं विचारलं, "मेनूच्या मागे खोलीचं चित्र आहे, ते कुठून घेतलं?"

"कोणती खोली?"

"दुसऱ्या डिस्कच्या मेनूला."

"मॅडम, तो मेनू मीच बनवलाय. मागे काही नाहीये. काळं आहे. आम्हाला त्याचे पैसे कुठे दिले होते कोणी?"

मी "ठीक आहे" म्हणून फोन ठेवला. ठीक काहीच नव्हतं. मी मघाचा कागद उलटा केला आणि मागे, मला त्याला जे म्हणायचं होतं ते सगळं लिहिलं. पेनाने कागद दोन ठिकाणी फाटला.

५

शनिवारी मी एसटीने युसूफ वडगावला गेले. मामा म्हणाला, शूटिंगचं चतुराबाईला विचार, ती त्या लोकांच्या भाकरी थापायला होती. चतुराबाई आता सत्तरीची आहे. अंगणात बाजेवर बसून ती लसूण सोलत होती.

"मलूची पोर ना तू?" ती म्हणाली. आईचं नाव मल्लम्मा, माहेरी सगळे मलू म्हणायचे. "बोलत न्हाईस म्हनं कुणाला. आईपण तशीच व्हती. ये, बस."

मी खाली बसले आणि विचारलं, "त्या दिवशी काय झालं होतं?"

"काय व्हायचं? लई घाई झालती त्यांना. हिरोला दुसरीकडं जायचं व्हतं. तिला खुर्चीत बसवली, विभूती फासली, हार घातले. त्यो साहेब म्हनला, पोरी, म्या ऊठ म्हनंस्तोर हलायचं न्हाई. डोळं उघडायचं न्हाई. मग काढलं त्यांनी काय काढायचं ते, अन् गाड्या भरून गेले निघून."

"आणि आई?"

चतुराबाईने लसणाची पाकळी सुपात टाकली. "कुणाच्या ध्यानातच न्हाई. मी माजी परात आणाया गेलते दिस कलल्यावर. बघती तर ही तिथंच. म्हनलं, आगं अजून कशापायी बसलीस? तर डोळं मिटूनच म्हनती, सायेब ऊठ म्हनले न्हाईत."

"मग तुम्ही ऊठ म्हणालात?"

"न्हाई गं. म्हनायचं ध्यानातच आलं न्हाई. मला रडूच फुटलं. पाय बधिर झालते तिचे, टेकवंनात. म्या अन् गड्यानं खुर्चीसकट उचलून आणली घरी." तिने सुपातली टरफलं फुंकली. "गल्लीतली लोकं दारं लावून घेऊ लागली. कपाळाला विभूती, गळ्यात हार, अन् खुर्चीतून नेताव. लोकांना वाटलं, गेली पोर."

मला एकदम आठवलं की आई खुर्चीत बसलेली मी कधी पाहिलीच नाही. लग्नकार्यात, दवाखान्यात, दुकानात, सगळीकडे ती उभीच असायची. नाहीतर जमिनीवर.

"तुम्ही गेलात तेव्हा ऊन कुठं होतं?" मी विचारलं.

चतुराबाईने माझ्याकडे नवलाने पाहिलं. "ऊन? तोंडावरून वर भिताडावर गेलतं. टिचभर राहिलतं. आमी तिला उचलली अन् अंधारच पडला बघ खोलीत."

६

परतीच्या एसटीत मी बोटांवर मोजलं. घोटे, गुडघे, मांडीवरचे हात, छाती, तोंड, मग भिंत, मग अंधार. फार तर आठवडा.

मी लगेच काही करायला हवं होतं. काय करायचं ते अवघड नव्हतं. एक शब्द होता. तो कोणीच म्हणालं नव्हतं.

पण मी थांबले, आणि का थांबले ते खरं लिहिते. ऊन तोंडावर येणार होतं. मला तिचं तोंड बघायचं होतं. आत्ताच ऊठ म्हणाले आणि ती अंधारातून उठून निघून गेली तर? पाच दिवसच तर होते. पंचवीस वर्षं बसली, अजून पाच दिवस.

त्या साहेबावर, त्या हॉटेलवाल्यावर, त्या फोनवरच्या माणसावर मी इतकी चिडले होते, आणि मी नेमकं तेच केलं. माझ्या कामासाठी तिला बसवून ठेवलं.

मंगळवारी ऊन हातांवर आलं. तिचे हात मांडीवर उताणे होते आणि बोटं अधूनमधून आवळली जात होती, मुंगी चावत असूनही न हलणाऱ्या माणसासारखी.

बुधवारी पप्पा साडेतीनलाच आले. मला मेनू बदलायला वेळ मिळाला नाही.

"रुचे, रोज रोज ह्येच काय लावून बसायलीस?"

"पप्पा, इथे बघा. मागं काय दिसतंय?"

पप्पा चष्मा लावून वाकले. बराच वेळ वाकलेले राहिले. घुंगरांचं संगीत चार वेळा फिरून आलं.

"काळं हाय," ते म्हणाले. "काय न्हाई तिथं. बंद कर ते." मग त्यांनी काचेवरचे टेपचे तुकडे पाहिले. ते दुकानातल्या वस्तूंबाबत फार नीटनेटके आहेत, काचेवर बोट उमटलं तरी पुसतात. ते तुकडे त्यांनी काढले नाहीत. उलट माझ्याकडे पाठ करून एक मिक्सर उघडायला घेतला, ज्याचं काम सकाळीच झालं होतं.

७

शुक्रवारी तीन वाजता ऊन तोंडावर आलं.

ती माझ्याएवढीच होती. ते मला माहीत होतं, तरी मी त्याला तयार नव्हते. कपाळावर विभूतीचे तीन पट्टे, गालावर बारीक लव, हनुवटीला खळी. घामाचा एक थेंब विभूतीतून वाट काढत नाकाशेजारून खाली आला, आणि तिने तो पुसला नाही. तिचे डोळे मिटलेले होते म्हणणं बरोबर नाही. ती ते मिटून धरत होती. पापण्या थरथरत होत्या.

मी किती वेळ बघत राहिले मला माहीत नाही. भान आलं तेव्हा ऊन तिच्या हनुवटीवरून आणि ओठांवरून वर सरकलं होतं. दिवसाला बोटभर सरकणारं ऊन आता माझ्या डोळ्यांदेखत चालत होतं. नाक गेलं. डोळे जात होते.

"आई," मी म्हणाले. "ऊठ."

काही झालं नाही. माझा आवाज मलाच जेमतेम ऐकू आला होता.

"आई, ऊठ ना."

मग मला कळलं. ती कोणाची आई नव्हतीच अजून. या नावाने तिला कोणी हाक मारलेली नव्हती.

ऊन कपाळावर गेलं. तिचा चेहरा पुन्हा अंधारात बुडाला. आणि माझ्या घशात अडकलेलं सगळं, फोनवरची तीन वाक्यं, बीडहून आलेली ती गुंडाळलेली लांबट वस्तू, तो हॉटेलवाला, सगळं एकदम वर आलं. मी आयुष्यात कधी ओरडले नव्हते एवढ्या मोठ्याने ओरडले.

"मलू! ऊठ! गेली ती माणसं! झालं तुझं काम, ऊठ म्हणते ना!"

समोरच्या दुकानात बजरंगमामांचं शिलाई मशीन थांबलं.

तिची बोटं उघडली. दोन्ही हात मांडीवरून खुर्चीच्या हातांवर गेले. हार पुढे झुकले, म्हणजे ती झुकली होती. खुर्ची करकरली. बारा दिवसांत त्या मेनूतून घुंगरांशिवाय काही ऐकू आलं नव्हतं. शेवटचं टिचभर ऊन भिंतीवर होतं आणि त्याच्या उजेडात तिने डोळे उघडले.

तिने सरळ माझ्याकडे पाहिलं.

मी त्या नजरेची तीन वर्षं वाट पाहिली होती, म्हणून मला तिच्याबद्दल खोटं लिहायचं नाही. तिच्यात ओळख नव्हती. झोपेतून कोणी उगाच हलवून उठवावं आणि आपण त्याच्याकडे बघावं, तशी ती नजर होती.

तेवढ्यात लाईट गेली.

बजरंगमामा गळ्यात टेप घालूनच धावत आले. "काय झालं गं पोरी? कुणाला उठवायलीस भर दुपारी?"

"पप्पा चारला येतील," मी म्हणाले.

८

लाईट आल्यावर मी डिस्क लावली. लाल अक्षरं, घुंगरं, आणि मागे काळं. उजेड कितीही वाढवला तरी नुसतं काळं, आणि त्यावर माझ्या टेपचे तुकडे, एकामागे एक. मला रडू आलं नाही. मला राग आला. बारा दिवस पाहिलं आणि तरी तिचा आवाज मला मिळाला नाही.

शनिवारी दुपारी तीन वाजता मागच्या खोलीतून पाऊल वाजलं.

एकच. मग थांबणं. मग दुसरं, फरपटत. बसून पाय बधिर झाल्यावर माणूस भिंतीला धरून चालतं, तसं. मी दाराकडे पाहिलं. दार बंद होतं. त्याच्या खालच्या फटीतून पिवळं ऊन बाहेर आलं होतं. त्या खोलीला खिडकी नाही, हे मी आधी लिहिलं आहे.

पप्पांना सांगितलं तर म्हणाले, "उंदरं असतील." पण रविवारी सकाळी मी सोल्डरची तार आणायला मागे गेले, तर मोडक्या टीव्हींच्या मध्ये जागा केलेली होती. फरशी पुसलेली होती. आणि तिथे गिऱ्हाइकांसाठीची आमची प्लास्टिकची खुर्ची ठेवलेली होती, दाराकडे तोंड करून. वर स्वच्छ धुतलेला टॉवेल घातलेला.

म्हणजे बुधवारी पप्पांना काळं दिसलं नव्हतं.

"कशाला ठेवली खुर्ची?" मी विचारलं. माझा आवाज चढला होता.

"असू दे. पाय दुखत असतील," पप्पा म्हणाले. कोणाचे ते म्हणाले नाहीत. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "आपल्याला तिला बसवता आलं न्हाई, रुचे."

"तिला पुन्हा बसवू नका!" मी ओरडले. मी खुर्ची ओढत बाहेर आणली. सोमवारी ती पुन्हा आत होती. मी पुन्हा बाहेर आणली. आम्ही याबद्दल एकमेकांशी बोलत नाही.

हे मी आज, गुरुवारी, दुकानात बसून लिहिते आहे. मी दोनला आले की दुरुस्तीला आलेले सगळे पंखे एकदम सुरू करते. आज सहा आहेत. जिचा आवाज ऐकण्यासाठी मी तीन आठवडे हट्ट केला, तिचं पाऊल ऐकू येऊ नये म्हणून मी सहा पंखे लावते.

साडेतीनला लाईट गेली. पंखे एकेक करून थांबले. शेवटच्या पंख्याची पाती फिरायची राहिली तेव्हा पावलं दाराशी आलेली होती. आज ती फरपटत नव्हती. फटीतल्या उन्हात दोन सावल्या होत्या, दोन पायांच्या.

"कोण म्हनलं ऊठ?"

आवाज कोवळा होता आणि चिडलेला होता. माझा आवाज चिडल्यावर असाच होतो, हे मला गेल्या आठवड्यातच कळलं आहे. त्या आवाजासाठी मी काय काय ठरवून ठेवलं होतं. मी म्हणाले, असं सांगायला हवं होतं. मी तुझी आहे, तू मला अजून ओळखत नाहीस, असं सांगायला हवं होतं.

पण जे पाठ होतं तेवढंच बाहेर आलं.

"पप्पा चारला येतील."

दारापलीकडे प्लास्टिकची खुर्ची जमिनीवर सरकल्याचा आवाज झाला. आज ती बाहेर आणायची मी विसरले होते.

तेव्हापासून शांत आहे. मी तिला पुन्हा वाट बघायला लावली, आणि सांगितल्याशिवाय ती हलत नाही हे मला माहीत आहे. फटीतलं ऊन हळूहळू आत सरकतं आहे. आता टिचभर राहिलं आहे. चारला पाच मिनिटं कमी आहेत, आणि गल्लीच्या तोंडाशी पप्पांच्या चपलांचा आवाज येतो आहे.